कै. बालकवि ठोमरे

परीक्षा जवळ आली म्हणजे आमच्या वर्गांतील कांहीं मुलांची झोंप उडते, घांस गोड लागत नाहीं. काय होतें असें विचारलें तर त्यांस सांगतां येत नाहीं. अशा मुलांस आम्ही एका कवीचें चरित्र सांगतों. तेंच येथें थोडक्यांत देत आहों.

त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजीं खानदेशांत धरणगांव येथें झाला. १९०७ सालीं जळगांवीं पहिलें कविसंमेलन भरलें. त्या वेळीं सोळासतरा वर्षांच्या या मुलाचें काव्य ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनीं त्यास 'बालकवि' ही पदवी दिली. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं त्यांस अहमदनगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें. लक्ष्मीबाई टिळकांनीं त्यांच्यावर आईची माया केली. 'स्मृतिचित्रें' या ग्रंथांत त्या दिवसांच्या आठवणी आहेत.

'फुलराणी', 'श्रावणमास' या आनंदी कविता विद्यार्थ्यांस ठाऊक आहेतच. परंतु ह्याच कवीस अधूनमधून अकारण हुरहूर व खिन्नता घेरीत असे. ती त्यांनीं लपविली नाहीं. 'उदासीनता' या कवितेंत त्यांनीं ती उघड बोलून दाखविली. 'पारवा' या कवितेंत पडक्या धर्मशाळेंतील एकाकी पांखराच्या रूपानें ती डोळ्यांसमोर उभी केली. काव्यामुळें त्यांची व्यथा समूळ गेली असें आम्ही म्हणत नाहीं; पण जिला नांव नव्हतें तिला शब्द मिळाले, आणि तशाच व्यथेनें कष्टी झालेल्या कित्येक वाचकांस सोबत मिळाली.

५ मे १९१८ रोजीं जळगांवजवळ भादली स्टेशनावर रेल्वेच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. वयाचीं अठ्ठावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. अंधेरी, बोरिवलीहून रोज गाडीनें येणाऱ्या मुलांस हें सांगतांना, रूळ ओलांडूं नका, असें बजावल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, मन घाबरें झालें तर वही घेऊन बसा; लिहा, चित्र काढा, गा. कविता साधली नाहीं तरी चालेल. मग तें कागदावरचें कोणा वडील माणसास दाखवा. पालकांस आमची विनंती एवढीच, कीं मूल वही घेऊन आलें तर प्रथम गुणांची चौकशी न करितां तें पान वाचावें. ठोमऱ्यांस असें ऐकून घेणारें घर नगरास लाभलें होतें.