विनयाची शाल

पर्वकाळी घरोघरी स्तोत्रपाठ होतात. आराध्याचे गुण गाताना आपला मीपणा कोठे ठेवावा, हा प्रश्न प्रत्येक स्तुतिकारापुढे उभा असतो. अरबी भाषेतही स्तुतिकाव्याची थोर परंपरा आहे आणि तेथील कवींनाही हा प्रश्न चुकला नाही. त्या कसोटीस उतरलेल्या एका कवीचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अरबीत स्तुतिकाव्यास ‘मदीह’ म्हणतात. राजाचे शौर्य व औदार्य वर्णावे आणि बिदागी घ्यावी, हा तेथील दरबारी रिवाज. त्या गुणवर्णनात ‘तवाझु’ म्हणजे नम्रता आणि ‘हया’ म्हणजे शालीन संकोच, यांनाही मानाचे स्थान असे. दुर्बलाची नम्रता नाइलाजाची असू शकते. समर्थाची नम्रता हाच त्याचा खरा अलंकार. मात्र नम्रतेची स्तुती करणारा कवी स्वतः नम्र असेलच असे नाही. दहाव्या शतकातील मुतनब्बी याने अलेप्पोचा अमीर सैफुद्दौला याची अपूर्व स्तुती केली. पण स्वतःच्या थोरवीचा डंकाही तितक्याच जोराने पिटला.

आमचे चरित्रनायक शरफुद्दीन अल्-बुसीरी यांचा जन्म इ. स. १२१२ च्या सुमारास इजिप्तमध्ये झाला. बिल्बैस या गावी ते सरकारी कारकून होते. कुटुंब मोठे, प्राप्ती तुटपुंजी. म्हणून वजिरांची स्तुती करावी आणि आपले दारिद्र्य त्यांच्या कानी घालावे, असा क्रम चाले. लेखणी मोठी तिखट. सरकारी नोकरांच्या लाचखोरीवर त्यांनी रचलेले उपहासकाव्य प्रसिद्ध आहे. दुसऱ्यांचे दोष त्यांना लख्ख दिसत. आपल्या दोषांकडे दृष्टी वळायची होती, ती पुढे वळली.

परंपरा सांगते की, एके दिवशी पक्षाघाताने त्यांचे अर्धे अंग लुळे पडले. ज्या हाताने थोरामोठ्यांची कवने लिहिली, त्याचा भरवसा उरला नाही. त्या असहाय अवस्थेत त्यांनी महंमद पैगंबरांची स्तुती रचण्याचा संकल्प केला.

दहा विभागांच्या आणि सुमारे १६० कडव्यांच्या या काव्याची रचना पाहण्यासारखी आहे. प्रारंभी जुन्या रीतीप्रमाणे विरहव्यथा येते. मग स्तुतीस हात घालण्यापूर्वी कवी स्वतःच्या मनाची झडती घेतो. लोकांना केलेला उपदेश आपण आचरिला नाही, ही कबुली देतो. पुढे, कवने आणि चाकरी यांत आयुष्य वेचल्याबद्दल क्षमाही मागतो. स्तुतीला आरंभ होतो तेव्हा तो वैभवापासून होत नाही. रात्रीच्या प्रार्थनेत उभे राहून सुजलेले पाय, भुकेने पोटाला बांधलेला दगड आणि सुवर्णाच्या पर्वतांकडे फिरविलेली पाठ, हे तेथील अलंकार आहेत.

पुढची आख्यायिका सर्वश्रुत आहे. स्वप्नात पैगंबरांनी कवीच्या अंगावर आपली शाल पांघरली आणि जागे होताच तो चालू लागला. ही गोष्ट त्याने कोणासही सांगितली नाही. सकाळी रस्त्यात एका फकिराने तेच काव्य मागितले, तेव्हा कवी चकित झाला. आपण ते रात्री पैगंबरांपुढे गायिले जाताना ऐकले, असे फकिराने सांगितले. अरबीत शालीला ‘बुर्दा’ म्हणतात, म्हणून काव्याचे नावही बुर्दा पडले. सातव्या शतकात कआब इब्न झुहैर या कवीला पैगंबरांनी प्रत्यक्ष आपली शाल दिली होती, त्याचीही ही आठवण.

तेराव्या शतकाच्या अखेरीस बुसीरींचा देह पडला. अलेक्झांड्रियात त्यांच्या नावाच्या मशिदीच्या भिंतींवर हे काव्य कोरलेले असून त्यांचे गुरू अबुल अब्बास मुर्सी यांची मशीद जवळच आहे. विसाव्या शतकात अहमद शौकी या मोठ्या कवीने बुर्देच्या वळणावर काव्य रचिले, तेव्हा बुसीरींशी आपली स्पर्धा नाही, असे त्यानेही नम्रपणे नमूद केले.

व्याधी बरी झाली की नाही, हा श्रद्धेचा विषय. आम्हांस मोठा चमत्कार वाटतो तो वेगळाच: जगाचे दोष मोजणारी लेखणी आपल्याच दोषांकडे वळली. स्तुतीला आरंभ करण्यापूर्वी क्षणभर आपणही आपल्या मनाची अशीच झडती घ्यावी. पुढचा पाठ मग आपोआप खऱ्या सुरात लागेल.