नटश्रेष्ठ पृथ्वीराज कपूर

हिंदी चित्रपटातील शहेनशहा अकबर म्हटला, की रसिकांच्या डोळ्यांपुढे पृथ्वीराज कपूर यांचीच मूर्ती उभी राहते. धिप्पाड देह, रुंद खांदे आणि छातीच्या तळातून उमटणारा धीरगंभीर आवाज. ‘मुगल-ए-आझम’ हा चित्रपट १९६० साली प्रदर्शित झाला आणि पृथ्वीराजांची कीर्ती देशभर दुमदुमली. त्याच वर्षी, सोळा वर्षे प्राणपणाने जपलेली आपली नाटकमंडळी त्यांना बंद करावी लागली. पडद्यावरील हा सम्राट मनाने अखेरपर्यंत रंगभूमीचाच राहिला.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी, आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबमधील समुंद्री या गावी त्यांचा जन्म झाला. पेशावरच्या एडवर्ड्स महाविद्यालयात शिकत असताना त्यांना नाटकाचा छंद जडला. पुढे कायद्याचा अभ्यास सुरू केला खरा, परंतु त्यात मन रमेना. लग्न झालेले, पदरी मुले. अशा स्थितीत एका नातलगाकडून उसने पैसे घेऊन त्यांनी मुंबईची वाट धरली. मुंबईत त्यांच्या ओळखीचे कोणी नव्हते. मूकपटांत गर्दीतला एक म्हणून त्यांनी आरंभ केला आणि लवकरच मुख्य भूमिका मिळवल्या. १९३१ साली ‘आलम आरा’ हा भारतातील पहिला बोलपट आला, त्यातही ते होते. अनेक मूकपट-नटांना बोलपटाने घरी बसवले. पृथ्वीराजांना मात्र त्यांच्या आवाजाने तारले.

याच सुमारास ग्रँट अँडरसन यांच्या इंग्रजी नाटकमंडळीत ते सामील झाले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये त्यांनी लेअर्टीसची भूमिका केली. त्यानंतर कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या चित्रपटांनी त्यांचे नाव झाले. १९३४ च्या ‘सीता’ या चित्रपटात ते राम झाले, तर सीता होत्या दुर्गा खोटे. हीच जोडी पुढे सव्वीस वर्षांनी ‘मुगल-ए-आझम’मध्ये अकबर आणि जोधाबाई म्हणून प्रेक्षकांसमोर आली. १९४१ साली सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये जगज्जेत्याची भूमिका त्यांनी अशा रुबाबात साकारली, की राजबिंडे पुरुष म्हटले की पृथ्वीराज, असे समीकरणच झाले. आणि गंमत अशी, की १९६५ च्या ‘सिकंदर-ए-आझम’मध्ये ते सिकंदराचा प्रतिस्पर्धी पोरस झाले!

चित्रपटांतून पैसा आणि लौकिक दोन्ही मिळत असताना १९४४ साली त्यांनी ‘पृथ्वी थिएटर्स’ ही फिरती नाटकमंडळी स्थापन केली. पहिलेच नाटक कालिदासाचे ‘शाकुंतल’. दुष्यंत स्वतः पृथ्वीराज. प्रयोग देखणा होता, पण खर्च फार झाला आणि मंडळी तोट्यात गेली. कोणीही शहाणा माणूस येथे थांबला असता. पृथ्वीराजांनी पुढच्याच वर्षी ‘दीवार’ रंगमंचावर आणले. एका घरातील भाऊ परक्यांच्या नादी लागून अंगणात भिंत घालतात, अशी त्याची कथा. देशात फाळणीची चर्चा तापलेली असताना हे नाटक पाहणाऱ्यांना त्या भिंतीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नव्हता. १९४७ साली आलेल्या ‘पठाण’मध्ये हिंदू मित्राच्या मुलाचे प्राण वाचवण्यासाठी स्वतःच्या मुलाचा बळी देणारा शेरखान त्यांनी उभा केला. दंगलींच्या दिवसांत असे नाटक करणे हे धाडसच होते. ‘गद्दार’, ‘आहुती’, ‘कलाकार’, ‘पैसा’, ‘किसान’ ही नाटके त्यानंतर आली. ‘आहुती’त फाळणीच्या वेळी पळवून नेलेल्या आणि नंतर समाजाने नाकारलेल्या मुलीचे दुःख होते.

मंडळीत शंभराहून अधिक माणसे होती. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून प्रवास, एकत्र जेवण, जमिनीवर झोपणे. मालक आणि पडदे ओढणारा यांत भेद नव्हता. झोहरा सहगल, त्यांची बहीण उझरा, पुढे संगीतकार म्हणून गाजलेले शंकर आणि जयकिशन ही सारी याच मंडळीत घडली. मुंबईत ऑपेरा हाउसमध्ये प्रयोग होत, तेही पुष्कळदा सकाळी, कारण एरवी तेथे चित्रपट चालत. प्रयोग संपला की पृथ्वीराज दाराशी झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत. बाहेर पडणारे प्रेक्षक त्यात यथाशक्ती पैसे टाकत. तो पैसा संकटग्रस्तांच्या मदतीसाठी जाई. ज्याने रंगमंचावर क्षणापूर्वी राजा किंवा पठाण साकारला, त्यालाच असे याचक होऊन उभे राहिलेले पाहून अनेकांचे डोळे पाणावत.

सोळा वर्षांत २,६०० हून अधिक प्रयोग झाले. मंडळीचा तोटा भरून काढण्यासाठी पृथ्वीराज चित्रपटांत कामे करीत राहिले. १९५१ च्या ‘आवारा’तील न्यायाधीश रघुनाथ ही त्यांतलीच एक भूमिका. अकबर अधिक गाजला हे खरे; पण नटाची कसोटी पाहणारी भूमिका हीच म्हणावी लागेल. गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होतो, असे मानणारा आणि केवळ संशयावरून गर्भवती पत्नीला घराबाहेर काढणारा हा ताठ मनुष्य. तलवार नाही, मुकुट नाही. पुत्र राज कपूर समोर आरोपी म्हणून उभा असताना त्या चेहऱ्यावरचा अहंकार हळूहळू ढासळत जातो, तो पाहण्यासारखा आहे. पुढे ‘तीन बहुरानियाँ’ (१९६८) मध्ये याच नटाने कुटुंबातील वडीलधाऱ्याची हलकीफुलकी भूमिका सहजपणे केली.

अखंड प्रयोगांनी शेवटी त्यांचा आवाज बिघडला. आवाज हेच ज्याचे भांडवल, त्याच्यावर याहून मोठे संकट कोणते? १९६० मध्ये मंडळीचा पडदा पडला. १९५२ पासून राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य म्हणून ते कार्यरत होते. ती मुदतही त्याच वर्षी संपली. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २९ मे १९७२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९७१ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला.

नाटकासाठी स्वतःचे कायमचे नाट्यगृह असावे, ही त्यांची इच्छा जिवंतपणी पुरी झाली नाही. जुहू येथे त्यांनी भाडेपट्ट्याने घेतलेल्या जागेवर पुत्र शशी आणि स्नुषा जेनिफर यांनी १९७८ साली ‘पृथ्वी थिएटर’ उभारले.