पॉल रोबसन : गाण्याचे शब्द बदलणारा गायक

पॉल रोबसन यांचं नाव निघालं की मिसिसिपी नदीवरचं एक गाणं आठवतं. १९३६ साली आलेल्या ‘शो बोट’ या अमेरिकन चित्रपटात नदीच्या धक्क्यावर बसलेला जो नावाचा कृष्णवर्णीय कामगार ते गातो. गोऱ्यांसाठी राबून त्याचं शरीर थकलंय आणि नदी मात्र सगळं पाहून काही न बोलता वाहत राहते. ‘ओल मॅन रिव्हर’ हे ते गाणं. रोबसन यांच्या खर्जातल्या आवाजाने ते जगभर पोहोचलं. पण रोबसन यांचं मोठेपण समजून घ्यायचं तर त्यांनी पुढे या गाण्याचं काय केलं, ते पाहावं लागतं.

गुलामाचा मुलगा

रोबसन यांचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजी न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन इथे झाला. वडील विल्यम हे नॉर्थ कॅरोलायनातल्या एका मळ्यावर गुलाम म्हणून जन्मले होते. १८६० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी ते तिथून पळाले, शिकले आणि धर्मोपदेशक झाले. पॉल सहा वर्षांचे होण्याआधीच आई घरात भाजून वारली. त्याआधी वडिलांचं चर्चमधलं पद गेलं होतं आणि शिकलेल्या या माणसाला घरोघरची राख वाहून नेण्याचं काम करावं लागलं होतं. ते काम करतानाही वडिलांची मान खाली गेली नाही, हे मुलाने पाहिलं.

१९१५ मध्ये पॉल शिष्यवृत्ती मिळवून रटगर्स कॉलेजात गेले. त्या कॉलेजच्या इतिहासातले ते तिसरे कृष्णवर्णीय विद्यार्थी. फुटबॉलच्या पहिल्याच सरावात संघातल्या गोऱ्या मुलांनी त्यांचं नाक फोडलं, खांदा निखळवला. ते बरे होऊन पुन्हा मैदानात उतरले आणि देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये गणले गेले. १९१९ च्या पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीने भाषण करण्याचा मानही त्यांनाच मिळाला.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथेच रोबसन यांनी १९२३ मध्ये कायद्याची पदवी घेतली. न्यूयॉर्कमधल्या एका वकिली कचेरीत ते रुजू झाले. तिथल्या गोऱ्या लघुलेखिकेने कृष्णवर्णीय माणसाचा मजकूर उतरवून घ्यायला नकार दिला. रोबसन यांनी वकिली सोडली आणि रंगभूमीची वाट धरली. पत्नी एसलांडा शास्त्र शिकलेल्या आणि व्यवहाराला पक्क्या होत्या. पुढची बरीच वर्षं त्यांच्या कामाची सगळी व्यवस्था त्यांनीच पाहिली.

रक्ताच्या शुद्धतेची गोष्ट

‘शो बोट’ ही मुळात एडना फर्बर यांची १९२६ ची कादंबरी. जेरोम कर्न यांचं संगीत आणि ऑस्कर हॅमरस्टाईन यांचे शब्द घेऊन ती २७ डिसेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर आली. जोची भूमिका रोबसन यांनाच डोळ्यासमोर ठेवून लिहिली होती, पण त्या पहिल्या प्रयोगात ते नव्हते. १९२८ मध्ये लंडनच्या आणि १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रयोगांत त्यांनी ती केली. १९३६ मध्ये जेम्स व्हेल यांनी याच नाटकावरून चित्रपट काढला.

नदीवर फिरणाऱ्या एका नाटक कंपनीच्या बोटीची ही कथा. त्यातला एक प्रसंग आपल्याकडच्या कुणालाही चटकन कळेल. कंपनीची नायिका ज्युली गोरी म्हणून वावरते, पण तिच्या घराण्यात कृष्णवर्णीय रक्त असतं. तिचा नवरा स्टीव्ह गोरा आहे. मिसिसिपी राज्यात असं लग्न गुन्हा होता. पोलिस अधिकारी पकडायला येतो, तेव्हा स्टीव्ह चाकूने ज्युलीच्या हाताला चीर पाडतो आणि तिचं रक्त चोखून घेतो. आता माझ्याही अंगात कृष्णवर्णीय रक्त आहे, असं तो सांगू शकतो. रक्ताच्या शुद्धतेवर उभा असलेला कायदा त्याच रक्ताच्या थेंबाने हास्यास्पद ठरतो. तरीही दोघांना बोट सोडावीच लागते. असे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते १९६७ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर ३१ वर्षांनी.

इतकी धीट कथा मांडणाऱ्या या चित्रपटातही कृष्णवर्णीय पात्रं कडेलाच राहतात. जो आळशी आणि हसतमुख दाखवलाय. मूळ गाण्याच्या सुरुवातीलाच कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द होता. चित्रपटात तो बदलला, पण त्याजागी आलेला शब्दही अपमानाचाच होता. शोषिताचं दुःख सुंदर चालीत गायचं आणि शेवटी ते नशीब म्हणून सोसायचं, एवढीच जागा त्या गाण्यात होती. अशा भूमिका केल्याबद्दल कृष्णवर्णीय समाजातूनही रोबसन यांच्यावर टीका झाली.

शब्द बदलले

तोवर रोबसन यांचं जग मोठं झालं होतं. लंडनमध्ये त्यांना आफ्रिकेतले विद्यार्थी भेटले, वेल्सचे बेकार खाणकामगार भेटले. १९३८ मध्ये ते यादवी युद्धाने होरपळलेल्या स्पेनला गेले आणि फॅसिझमविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांसमोर गायले. याच काळात त्यांनी ‘ओल मॅन रिव्हर’चे शब्द बदलले. अपमानकारक शब्द काढून टाकला. दारू पिऊन तुरुंगात जाणाऱ्या माणसाच्या जागी हिंमत दाखवल्यामुळे तुरुंगात जाणारा माणूस आणला. शेवटी थकवा आणि मरणाची भीती होती, तिथे मरेपर्यंत लढण्याचा निर्धार घातला. चाल तीच राहिली, नदीही तीच, पण काठावरचा माणूस उठून उभा राहिला. हॅमरस्टाईन यांना हे रुचलं नाही. रोबसन मात्र नंतरची सगळी वर्षं आपल्या मैफलींत ते गाणं असंच गात राहिले.

मोजलेली किंमत

१९४३ मध्ये त्यांचं ‘ऑथेल्लो’ न्यूयॉर्कमध्ये सुरू झालं आणि त्याचे २९६ प्रयोग झाले. कीर्ती शिखरावर होती. पण कृष्णवर्णीयांना झुंडीने ठार मारण्याच्या प्रकारांविरुद्ध, वसाहतींच्या स्वातंत्र्यासाठी आणि शीतयुद्धाच्या विरोधात ते बोलत राहिले. १९४९ मध्ये पीकस्किल गावाजवळ त्यांच्या मैफलीवर जमावाने हल्ला केला. काही दिवसांनी ते पुन्हा तिथे गेले आणि गायले. घरी परतणाऱ्या श्रोत्यांच्या गाड्यांवर दगडफेक झाली, शंभराहून अधिक लोक जखमी झाले.

१९५० मध्ये सरकारने त्यांचा पासपोर्ट रद्द केला. देशातली सभागृहं मिळेनात, परदेशी जाता येईना. वर्षाला लाखभर डॉलर कमावणाऱ्या गायकाचं उत्पन्न काही हजारांवर आलं. १९५२ मध्ये कॅनडाला जाऊ दिलं नाही, तेव्हा ते सीमेवर एका ट्रकवर उभे राहून पलीकडच्या हजारो कामगारांसाठी गायले. १९५७ मध्ये समुद्राखालच्या टेलिफोन तारेवरून वेल्सच्या खाणकामगारांना त्यांनी गाणी ऐकवली. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे पासपोर्ट परत मिळाला. १९६० मध्ये सिडनीचं ऑपेरा हाऊस बांधलं जात होतं, तेव्हा ते बांधकामावरच्या मजुरांसमोर गायले. त्या इमारतीत पुढे कोण कोण गायलं, पण तिथे पहिला सूर उमटला तो मजुरांसाठी.

आपल्याशी नातं

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे न्यावा, असा त्यांचा विचार होता. हे डु बॉईस रोबसन यांचे चळवळीतले जवळचे सहकारी. कृष्णवर्णीयांच्या हत्यांचा हिशोब मांडणारं दुसरं निवेदन १९५१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे घेऊन जाणाऱ्यांत रोबसन पुढे होते. कोलंबियात शिकत असताना भूपेन हजारिका त्यांना भेटले आणि मिसिसिपीचं गाणं आधी असमिया भाषेत, मग ‘गंगा बहती हो क्यों’ या रूपात भारतात आलं. इथे तर गाणारा थेट नदीलाच जाब विचारतो.

रोबसन यांच्या चुकाही सांगायला हव्यात. सोव्हिएत रशियात त्यांना माणूस म्हणून वागणूक मिळाली, पण स्टालिनच्या दडपशाहीवर ते जाहीरपणे बोलले नाहीत. आदर्श माणसालाही प्रश्न विचारावेतच.

अखेरची वर्षं आजारपणात आणि एकांतात गेली. २३ जानेवारी १९७६ रोजी फिलाडेल्फियात त्यांचं निधन झालं. आपल्यातले कितीतरी तरुण आज गातात, रॅप करतात, नाटकं आणि लघुपट करतात. त्यांना व्यासपीठ मिळतं, टाळ्याही मिळतात. पण हातात आलेल्या संहितेत आपला माणूस कसा दाखवलाय, हे त्यांनी तपासायला हवं. तो फक्त सोसणारा असेल, तर शब्द बदलण्याचा अधिकार आपला आहे. त्याची किंमत मोजावी लागते, हे रोबसन यांना माहीत होतं. तरीही त्यांनी जुने शब्द पुन्हा तोंडात घेतले नाहीत.