ऑर्व्हिल राइट

ऑर्व्हिल राइट (जन्म : १९ ऑगस्ट, १८७१, मृत्यू : ३० जानेवारी, १९४८) हे अमेरिकन संशोधक, विमानरचनाकार आणि वैमानिक होते. थोरले बंधू विल्बर राइट यांच्यासह त्यांनी इंजिनावर चालणारे आणि माणसाच्या नियंत्रणात राहणारे पहिले यशस्वी विमान बनवले. उड्डाणात विमानाची उचल नाहीशी होऊन ते कोसळू नये, यासाठी त्यांनी १९१३च्या सुमारास तयार केलेले कोनदर्शक उपकरण मात्र तुलनेने अपरिचित राहिले आहे.

प्रारंभिक जीवन

ऑर्व्हिल यांचा जन्म अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन या गावी झाला. वडील मिल्टन राइट हे ख्रिस्ती धर्मसंस्थेत बिशप होते. यंत्रांची जाण आणि हस्तकौशल्य ऑर्व्हिल यांना आई सुझन यांच्याकडून लाभले. १८८९ मध्ये आईचे निधन झाले. दोघा भावांपैकी कोणीही महाविद्यालयात गेले नाही. प्रथम छापखाना आणि १८९२ पासून सायकलींचे दुकान, हे त्यांचे उपजीविकेचे साधन होते. विमानाच्या प्रयोगांचा खर्चही त्यांनी याच दुकानाच्या उत्पन्नातून भागवला.

लिलिएंथाल यांचा मृत्यू आणि उड्डाणाचे प्रयोग

जर्मन संशोधक ओटो लिलिएंथाल हे स्वतः बनवलेल्या ग्लायडरमधून उड्डाण करत असताना ऑगस्ट १८९६ मध्ये कोसळले आणि दुसऱ्या दिवशी मरण पावले. या घटनेने राइट बंधूंचे लक्ष उड्डाणाच्या प्रश्नाकडे वेधले. पंख आणि समोरून येणारा हवेचा प्रवाह यांच्यातील कोनाला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. हा कोन वाढत जातो तशी उचलही वाढते. परंतु एका मर्यादेपलीकडे हवेचा प्रवाह पंखाच्या वरच्या पृष्ठभागापासून सुटतो आणि उचल एकाएकी घटते. या स्थितीस स्टॉल असे नाव आहे. लिलिएंथाल यांच्या ग्लायडरची गत अशीच झाली होती.

हा धोका ओळखून राइट बंधूंनी विमानाचे नाक वर-खाली करणारी पट्टी शेपटाऐवजी पुढे बसवली. १९०१ साली किटी हॉक येथील चाचण्यांत ग्लायडर हवेत जवळजवळ थबकले असता ते नाकावर न आपटता सपाट खाली उतरले आणि विल्बर बचावले. त्याच वर्षी त्यांनी डेटन येथे वातबोगदा उभारून सुमारे २०० पंखाकृतींच्या छोट्या नमुन्यांची निरनिराळ्या कोनांत परीक्षा घेतली. १७ डिसेंबर, १९०३ रोजी ऑर्व्हिल यांनी १२ सेकंदांत १२० फूट अंतराचे पहिले उड्डाण केले. त्याच दिवशी विल्बर यांनी ५९ सेकंदांत ८५२ फूट अंतर कापले.

अपघातांची मालिका

१७ सप्टेंबर, १९०८ रोजी फोर्ट मायर येथे पंखा तुटून ऑर्व्हिल यांचे विमान कोसळले. त्यात सहप्रवासी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज यांचा मृत्यू झाला आणि ऑर्व्हिल गंभीर जखमी झाले. ३० मे, १९१२ रोजी विल्बर विषमज्वराने निवर्तले आणि राइट कंपनीची धुरा ऑर्व्हिल यांच्यावर आली.

पुढे बसवलेल्या पट्टीमुळे मिळणारे संरक्षण नंतरच्या विमानांत राहिले नव्हते. कंपनीच्या मॉडेल सी या विमानाच्या अपघातांत अमेरिकन लष्कराचे अनेक वैमानिक दगावले. दोष विमानाच्या रचनेत आहे, असे टीकाकारांचे मत होते. तर वैमानिक नाक प्रमाणाबाहेर वर उचलतात आणि विमान स्टॉल होते, असे ऑर्व्हिल यांचे मत होते. फेब्रुवारी १९१४ मध्ये लष्कराने इंजिन व पंखा मागे असलेल्या विमानांचा वापर बंद केला.

कोनदर्शक आणि स्वयंचलित स्थैर्ययंत्र

वैमानिकाला स्वतःच्या अंदाजावर विसंबावे लागू नये, म्हणून ऑर्व्हिल यांनी कोनदर्शक तयार केला. वाऱ्याच्या दिशेने आपोआप वळणाऱ्या हलक्या पात्यावरून पंखाचा कोन किती झाला आहे, हे त्यातून कळत असे. हेच तत्त्व त्यांच्या स्वयंचलित स्थैर्ययंत्रातही होते. त्यातील पाते नाकाचा चढउतार सावरत असे, तर लंबक विमानाचा बाजूचा कल सावरत असे. ३१ डिसेंबर, १९१३ रोजी त्यांनी नियंत्रक दांड्यांवरून हात काढून विमान उडवून दाखवले. या कामासाठी त्यांना कॉलियर पारितोषिक मिळाले. मात्र १९१४ साली लॉरेन्स स्पेरी यांनी भोवऱ्याच्या तत्त्वावरील यंत्र पॅरिस येथे दाखवले आणि राइट यांचे यंत्र मागे पडले.

उत्तरायुष्य

१९१५ साली त्यांनी कंपनी विकली. १९२० पासून अखेरपर्यंत ते अमेरिकेच्या राष्ट्रीय वैमानिकी सल्लागार समितीचे सदस्य होते. स्मिथसोनियन संस्थेशी पहिल्या विमानाच्या श्रेयावरून वाद झाल्याने त्यांनी १९०३ चे विमान १९२८ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियमकडे पाठवले. संस्थेने १९४२ साली चूक मान्य केली. ऑर्व्हिल अविवाहित होते. ३० जानेवारी, १९४८ रोजी डेटन येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. याच तारखेला दिल्लीत महात्मा गांधींची हत्या झाली. १७ डिसेंबर, १९४८ रोजी ते विमान स्मिथसोनियनमध्ये प्रदर्शित करण्यात आले.

वारसा

पुढे लहान विमानांत कोनदर्शकाऐवजी वेगदर्शकच रूढ झाला. परंतु ज्या वेगाला विमान स्टॉल होते तो वेग वजन आणि वळणानुसार बदलतो. उंची कायम ठेवून ६० अंश कललेल्या वळणात तो सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. स्टॉलचा कोन मात्र जवळपास तोच राहतो. त्यामुळे धावपट्टीकडे वळताना, कमी उंचीवर, केवळ वेगाकडे पाहणारा वैमानिक फसू शकतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१४ मध्ये लहान विमानांत असे दर्शक बसवण्याचे नियम सोपे केले. घरी बांधलेल्या विमानांतही ते बसवले जातात. अशा विमानबांधणीचे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे मुंबईच्या कांदिवली भागात कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान होय.