हुकूमतपनाह रामचंद्रपंत अमात्य

शिवछत्रपतींच्या अष्टप्रधान मंडळात परराष्ट्रव्यवहार सुमंताकडे असे आणि अमात्याकडे राज्याचा जमाखर्च. असे असूनही परकीयांशी राज्याने कसे वागावे, याविषयी मराठीत जे सर्वांत मार्मिक लेखन झाले ते परंपरेने एका अमात्याच्या नावावर आहे. रामचंद्र नीळकंठ बावडेकर हे ते अमात्य होत. देशस्थ ऋग्वेदी कुळात जन्मलेल्या या पुरुषाचे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. मात्र त्यांच्या आयुष्याचा क्रम आणि त्यांच्या सल्ल्याचे मोल नव्या पिढीस फारसे ठाऊक नसते, म्हणून हा अल्प प्रयत्न.

पंतांचा जन्म १६५०च्या सुमारास झाला. त्यांचे वडील निळो सोनदेव हे महाराजांच्या कारभारातील एक मान्यवर मुत्सद्दी. लेखणीचा आणि हिशेबाचा संस्कार त्यांना घरातच लाभला. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अमात्यपदाची वस्त्रे या ऐन पंचविशीतील तरुणास मिळाली. त्याच समारंभास मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन उपस्थित होता. राजापूरच्या वखारीची भरपाई, व्यापाराच्या सवलती अशा मागण्या घेऊन तो आला होता. महाराजांनी बहुतेक मान्य केल्या, परंतु किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांवरील राज्याचा हक्क मात्र सोडला नाही. राजापूरच्या या वखारीचा पूर्वेतिहासही दरबारात कोणी विसरले नव्हते. १६६० साली पन्हाळ्यास सिद्दी जौहरचा वेढा पडला असता याच वखारीच्या इंग्रजांनी शत्रूच्या बाजूने तोफा डागल्या होत्या, आणि पुढल्याच वर्षी महाराजांनी ती वखार लुटून त्याचे शासन केले होते. व्यापारी म्हणून आलेला माणूस तोफ घेऊन उभा राहू शकतो, हा धडा पंतांच्या पिढीने लहानपणीच ऐकला.

पंतांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी लागली ती १६८९ साली. त्या वर्षी मार्च महिन्यात संभाजी महाराजांचा वध झाला, नोव्हेंबरात रायगड पडला. राजाराम महाराजांस दूर कर्नाटकात जिंजीस जावे लागले. निघताना त्यांनी महाराष्ट्राचा सर्व कारभार पंतांवर सोपवून त्यांस हुकूमतपनाह हा किताब दिला. राजा शेकडो कोस दूर, खजिना रिता आणि औरंगजेबाची अफाट फौज दारात, अशा स्थितीत विशाळगडासारख्या दुर्गम किल्ल्यांच्या आश्रयाने पंतांनी राज्य चालविले. शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक हे त्यांचे साहाय्यक. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव हे त्यांचे खड्ग. १६९२ साली पन्हाळा परत घेण्यात आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस संताजी-धनाजींची फौज जिंजीच्या मदतीस रवाना झाली. पुढे खुद्द बादशहाने भीमेकाठी ब्रह्मपुरीस कित्येक वर्षे तळ दिला. आपला परांडा, तुळजापूर, नळदुर्गाचा मुलूख तेथून फार दूर नव्हे, आणि तो मोगली अमलाखालीच होता. त्या अमलातील आपल्या पूर्वजांना पश्चिमेकडील किल्ल्यांवरून येणाऱ्या बातम्यांनी केवढा आधार दिला असेल, याची कल्पनाच करावी.

या काळात पंतांना स्वतःच्या मताविरुद्ध एक गोष्ट करावी लागली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बादशहा वतनांची लालूच दाखवून मराठे सरदार फोडीत होता. ते थोपविण्यास पंतांच्या सरकारालाही वतने आणि इनामे देणे भाग पडले. पुढे आज्ञापत्रात वतनदारांविषयी जे कडक शब्द आले आहेत, त्यांमागे या अनुभवाची कडू चव आहे.

१७०० साली सिंहगडावर राजाराम महाराज निवर्तले. पंत ताराबाईसाहेबांच्या बाजूस राहिले. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परत आले तरीही ते साताऱ्यास गेले नाहीत. परंतु १७१४ साली ताराबाई आणि त्यांचे पुत्र यांस दूर करून राजसबाईंचे पुत्र संभाजी यांस गादीवर बसविण्यात त्यांचाच हात होता. या कृत्याचे मंडन करणे सोपे नाही. ज्या बाईंनी सात वर्षे बादशहाशी झुंज दिली, त्यांना कैदेत घालणाऱ्यांत पंत असावेत, हे मनास लागते. त्यांच्या चरित्रातील हा भाग झाकून ठेवण्याने त्यांचा मान वाढणार नाही.

या नव्या राजाच्या नावाने १७१५ साली आज्ञापत्र सिद्ध झाले. राजनीती, दुर्ग, आरमार, वतने असे अनेक विषय त्यात आहेत. आपला प्रस्तुत विषय त्यातील व्यापाऱ्यांचा आहे. सावकार हे राज्याची शोभा, परमुलखातील व्यापारीही आणून वसवावे, असे सांगणारा हाच ग्रंथकार टोपीकरांपाशी येताच सावध होतो. फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार हे सावकारी करीत असले तरी इतर सावकारांसारखे नव्हेत. प्रत्येकाच्या पाठीशी एक राजा आहे आणि ते त्याच्या हुकमाने येतात, असे तो बजावतो. त्यांचे बळ आरमार, तोफा आणि दारूगोळा यांत आहे. म्हणून त्यांस वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकिनारी किंवा खाडीच्या मुखावर देऊ नये. राजापूरप्रमाणे चार कोस, आठ कोस आत, सखल ठिकाणी, गावाच्या शेजारात द्यावी, आणि मजबूत इमारत बांधू देऊ नये. हिशेबनीसाची नजर येथे स्पष्ट दिसते. वखारीत कोणता माल उतरतो याइतकेच तिची भिंत किती जाड आहे, हेही पंत पाहतात. पंत १७१६ साली पन्हाळ्यावर निवर्तले. बावड्याची जहागीर त्यांच्या वंशजांकडे राहिली.

सल्ला राहिला, सल्ला देणारा गेला. १७५५-५६ साली पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांस नमविण्यास इंग्रजांची मदत घेतली. सुवर्णदुर्ग घेण्यात आला, फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग सर केला आणि आंग्र्यांचे आरमार जळून खाक झाले. ज्या समुद्रावर टोपीकरांस अडविणारे तेवढे एकच मराठी बळ होते, ते त्यांच्याच हातून नष्ट करविले गेले. किल्ला ताब्यात आल्यावर तो लगेच परत देण्यासही इंग्रज राजी नव्हते.

आपल्या जिल्ह्याने हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने अनुभवली. निजामाने १७९८ आणि १८०० साली इंग्रजांशी तैनाती फौजेचे करार केले. पुढे हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चाची बाकी थकली, आणि त्या बाकीपोटी १८५३च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गाचा मुलूख कंपनीकडे गेला. कर्नल मेडोज टेलर नळदुर्गास राहून हा कारभार पाहू लागला. तो माणूस रयतेशी भला वागला, हे नमूद करणे न्यायाचे आहे. परंतु बाकीच्या एका आकड्यापोटी मुलूख हातचा गेला तो गेलाच. १८५७च्या उठावात निजामाने साथ दिली म्हणून १८६० साली धाराशिव आणि रायचूर दुआब त्यास परत मिळाले. वऱ्हाडचा कारभार मात्र त्याच्या हाती पुन्हा कधी आला नाही.