दगडी पाती आणि रॉबर्ट ब्रूस फूट

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला रॉबर्ट ब्रूस फूट यांच्याविषयी विशेष आदर वाटतो. १८३४ साली जन्मलेले हे गृहस्थ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीस होते. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना आदिमानवाची दगडी हातकुऱ्हाड सापडली. त्याच वर्षी अत्तिरमपक्कम हे स्थळही उजेडात आले. हत्यारे हाती आली, पण त्यांचे वय वर्षांत मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. फूट यांनी मात्र हत्यारांची स्थळवार नोंद चिकाटीने ठेवली. १९१२ मध्ये ते वारले. पुढे अत्तिरमपक्कमला पुन्हा उत्खनन झाले. छिलके व लांबट धारदार पाती काढण्याचे तेथील तंत्र सुमारे ३,८५,००० वर्षांपूर्वी सुरू झाल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. उत्तर आपल्या हयातीत मिळणार नसले तरी नोंद चोख ठेवावी, हाच धडा मी या चरित्रातून घेतला.