चित्रकला सुटली, ड्रॉइंग राहिले

दहावीचा निकाल लागला की गावोगावच्या पारावर एकच चर्चा सुरू होते. कोणाला किती टक्के पडले आणि कोण कोणत्या साइडला चालला. नव्वदच्या पुढे गेला की सायन्स, साठ-सत्तरला कॉमर्स, त्याखाली आर्ट्स, आणि अगदीच काही जमले नाही तर आयटीआय, अशी उतरंड आपण डोक्यात मांडून ठेवली आहे. पोराला काय आवडते, त्याच्या हाताला काय जमते, डोळ्याला काय दिसते, हे विचारायला सवड कोणाला असते? अर्ज भरायची मुदत डोक्यावर असते, आणि शेजारच्याचा पोरगा जिथे गेला तिथेच आपलाही जातो.

अशा दिवसांत लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण हटकून येते. किर्लोस्करांचा पंप आपल्या भागात विहिरी-विहिरीवर असतो, त्यामुळे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण हा माणूस कारखानदार होण्याआधी विद्यार्थी होता, आणि त्याची साइड एकदा नव्हे, दोन-तीनदा चुकली किंवा बदलली, हे फारसे कोणी सांगत नाही.

लक्ष्मणराव जन्मले २० जून १८६९ रोजी, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे जाणकार. घरात पोथ्यापुराणांचे वातावरण. मुलाने शिकून चांगली नोकरी धरावी, घराण्याचे नाव राखावे, एवढीच त्या काळच्या बापाची अपेक्षा. पण लक्ष्मणचे लक्ष पुस्तकात कमी आणि दोन गोष्टींत जास्त: चित्रे काढणे आणि यंत्रांशी खेळणे. चित्रकला शिकायला मुंबईला जातो म्हटल्यावर वडिलांना ते पसंत पडले नाही. चित्रे काढून पोट भरते का, हा प्रश्न आजही घरोघरी विचारला जातो, तेव्हा तर विचारायलाच नको. थोरले बंधू रामूअण्णा मात्र पाठीशी उभे राहिले. त्यांनी पैशाची जबाबदारी घेतली आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. वय सोळा. म्हणजे आज दहावी होऊन बाहेर पडणाऱ्या पोराएवढेच.

दोन वर्षं बरी गेली. मग लक्षात आले की या मुलाला काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. डोळ्यांत जन्मजात दोष, रंगांधळेपणा. पुरता नव्हे, थोडासा. पण चित्रकाराला तेवढाही पुरे. रंगांवर पोट असलेल्या धंद्यात रंगच दगा देणार असतील तर पुढे काय करायचे? घरच्यांचा विरोध पत्करून, भावाच्या पैशावर मुंबईला आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या मनाची अवस्था काय झाली असेल, याची कल्पना करावी. गावी परत जायचे तर वडिलांसमोर मान खाली घालून जायचे.

इथे त्यांनी जे केले ते बघण्यासारखे आहे. रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. त्याच शाळेत यांत्रिक आरेखन, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवत, ते शिकणे त्यांनी चालू ठेवले. या विषयात रंगाचे काम नाही. एखादा यंत्राचा भाग समोरून कसा दिसतो, वरून कसा, बाजूने कसा, हे मापात, प्रमाणात कागदावर उतरवायचे. कागद वाचता येणाऱ्या कारागिराने तो भाग न बघताही तसाच्या तसा घडवला पाहिजे. आपल्याकडचा जुना सुतार मनातल्या मनात हेच करीत असे, फक्त त्याचा कागद नव्हता. लक्ष्मणरावांना चित्राचा नाद आणि यंत्राचा नाद असे दोन नाद होते. मेकॅनिकल ड्रॉइंग हा दोन्ही नादांचा मिलाफ. एक दार बंद झाले तेव्हा ज्या विषयाकडे ते वळले तो काही आकाशातून पडला नव्हता, तो आधीपासून त्यांच्या हाताशीच होता.

या विषयाच्या जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. ही संस्था १८८७ ची, म्हणजे तेव्हा नवीकोरी. ड्रॉइंग शिकवता शिकवता यंत्रशाळेतली यंत्रे कशी चालतात, कशी उघडतात, कशी बसवतात, हे लक्ष्मणरावांनी बघून घेतले. शिकवायला म्हणून गेलेला माणूस तिथे स्वतःच विद्यार्थी झाला. त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, हे ध्यानात ठेवावे. जे काही शिकले ते कागदावरचे ड्रॉइंग आणि यंत्रापाशी उभे राहून घेतलेले ज्ञान.

मग बढतीची वेळ आली. जागा त्यांना मिळायला हवी होती. ती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी १८९७ मध्ये नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. पक्की पगाराची नोकरी सोडणारा माणूस आपल्याकडे वेडा ठरतो. तेव्हाही ठरला असणार.

बेळगावात सायकलचे दुकान आधीपासून होते. मुंबईत असतानाच लक्ष्मणराव सायकली घेऊन पाठवीत आणि रामूअण्णा बेळगावात विकत. गिऱ्हाइकाला सायकल चालवायलाही हेच शिकवीत. सायकल ही त्या काळी साहेबलोकांची आणि श्रीमंतांची चैन. पण दुकानात दुरुस्ती आली, दुरुस्तीत हत्यारे आली, आणि हत्यारांतून छोटा कारखाना निघाला. पहिला माल शेतीचा: कडबा कापायचे यंत्र, आणि मग लोखंडी नांगर. ओतकाम शिकायला गुरू नव्हता. अमेरिकेहून येणारी यंत्रविषयक मासिके वाचायची, त्यातली चित्रे समजून घ्यायची, करून बघायचे, बिघडले की पुन्हा ओतायचे. परदेशी मासिकातले ड्रॉइंग त्यांना वाचता येत होते. जे. जे. मधली ती दोन-चार वर्षे इथे कामाला आली.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंड जमिनीत गेले की जमीन नासते, तिला विष होते, असा समज शेतकऱ्यांत होता. नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. यावर आजचे शिकलेले लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. ज्याची सारी मिळकत दोन-चार एकरांत आहे, तो नवी वस्तू आधी दुसऱ्याच्या रानात चाललेली बघणारच. ठिबकच्या वेळी आपण काय वेगळे केले?

धंदा जरा मार्गी लागतो न लागतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा घ्यायची ठरवली. बिऱ्हाड पुन्हा रस्त्यावर. तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला धावले. दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितले. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकरांचा उजाड माळ निवडला गेला. निवडुंग, साप आणि पाण्याची वानवा. रेल्वे जवळ, एवढेच त्या जागेचे भांडवल. आज सांगली जिल्ह्यात मिरजेहून पुण्याला जाताना किर्लोस्करवाडी लागते, ती हीच.

त्या माळावर जी माणसे जमली तीही पाहण्यासारखी. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार पाहिला. शंभूराव जांभेकर यंत्राकडचे. मंगेशराव रेगे कारकुनी आणि हिशेब दोन्ही सांभाळीत. अनंतराव फळणीकरांचे शिक्षण अर्धवट सुटलेले, पण यंत्राच्या बाबतीत डोके असे की तेही कारखान्याचे आधारस्तंभ झाले. शिक्षा भोगून आलेला तुकाराम रामोशी रात्रीच्या राखणीला होता, आणि त्याने विश्वास राखला. लक्ष्मणरावांनी माणसाची मार्कलिस्ट पाहिली नाही आणि जातही पाहिली नाही. अस्पृश्यता वाडीत पाळायची नाही, असा त्यांचा दंडक होता.

आता थोडे आजच्या पोरांविषयी. दहावीनंतर आयटीआयला फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत, वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक एक वर्षाचे. मेकॅनिकल ड्राफ्ट्समन, म्हणजे आरेखक, हाही दोन वर्षांचा ट्रेड आहे, पण त्याची नावनिशाणी गावात कोणाला ठाऊक नसते. दोन वर्षांचा ट्रेड झाला की पुढे तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयला गेला तो अडकला, हे खरे नाही. रस्ता लांबचा आहे, पण वाटेत हाताला काम आहे. आणि ज्याने शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील, त्याने त्या फक्त दहावीच्या वाढीव गुणांपुरत्या धरू नयेत.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. रंगांधळेपणा मुलींत क्वचित, पण मुलांत बऱ्यापैकी आढळतो, आणि घरात कोणाला पत्ता नसतो. रेल्वेच्या इंजिन ड्रायव्हरच्या नोकरीला तो अजिबात चालत नाही. इलेक्ट्रिशियनला रंगीत वायरींशी गाठ असते. ठिपक्यांच्या आकड्यांची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडे पाच-दहा मिनिटांत होते. दोन वर्षं घालवून, फी भरून मग कळण्यापेक्षा अर्ज भरायच्या आधी ती करून घ्यावी. २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी राज्यभर झाली, पण मुलाचा कल कळला तरी डोळे तपासायचे राहतातच.

लक्ष्मणरावांचा कारखाना पुढे वाढत गेला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी झाली, त्याच साली वाडीतून मासिक निघू लागले, १९२६ मध्ये पंप आला. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून त्याच सुमारास परतला. जे शिक्षण बापाला मिळाले नव्हते ते मुलाला मिळाले, आणि या वेळी पोराच्या साइडवरून घरात वाद झाला नाही. लक्ष्मणरावांनी काही काळ औंध संस्थानचे दिवाणपदही सांभाळले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.